जुनी ओमनी विकत घेऊन चालती करणे: प्रकल्प नोंदी

शेतमाल बाजारात नेण्यासाठी आणि घरच्या कामांसाठी स्वस्तातली जुनी व्हॅन घ्यावी की नाही, याचा विचार करणाऱ्यांसाठी या नोंदी ठेवल्या आहेत. खर्चाचे आकडे माझ्या वहीतले आहेत. दुसऱ्या गाडीला ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण पैसा कोणत्या बाजूने जातो हे त्यावरून कळेल.

6 ऑक्टोबर 2024

आमचे गाव वर्धा–आर्वी रस्त्यापासून थोडे आत आहे. दीड एकरात वांगी, टमाटर आणि सांबार (कोथिंबीर) असतो; उरलेल्या वावरात कपाशी आणि तूर. भाजी वर्धेच्या बाजारात पहाटेच्या हर्रासाला (लिलावाला) न्यावी लागते. भाड्याचा मालवाहू ऑटो एका फेरीचे ₹700 घेतो. खरी अडचण मात्र भाड्याची नाही. तो ऑटो वाटेत तीन-चार जणांचा माल भरत येतो आणि आमची वांगी पोचेपर्यंत मोठे खरेदीदार आपली खरेदी उरकून बसलेले असतात. उशिरा पोचलेल्या मालाला मिळणारा भाव आणि पहिल्या बोलीचा भाव यांत कित्येकदा त्या ऑटोच्या भाड्याहून जास्त फरक पडतो.

2005 पासून रस्त्यावर असलेला ‘छोटा हत्ती’ (टाटा एस हा छोटा टेम्पो) जुन्या बाजारात सहज मिळतो, पण तो मालवाहू म्हणून नोंदलेला असतो. 7500 किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनाचा नुसता थर्ड पार्टी विमा वर्षाला ₹16,049 आहे, आणि फिटनेसचे काम वेगळे. 1000 सीसीच्या आतल्या खाजगी मोटारीचा तोच विमा ₹2,094 मध्ये होतो. शिवाय आईला दवाखान्यात न्यायचे असेल तर छोट्या हत्तीचा उपयोग नाही. मारुतीची इको ही व्हॅन 2010 पासूनची, बरीच सोयीची, पण जी पाहावी ती आमच्या बजेटच्या दुपटीच्या पुढे. त्यामुळे मारुती ओमनीवर येऊन थांबलो. 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, चार गिअर, मागच्या चाकांना ताकद आणि दोन्ही बाजूंना सरकते दार असा तिचा साधा हिशेब आहे. ही व्हॅन 1984 साली बाजारात आली आणि तिचे उत्पादन 2019 मध्ये बंद झाले. इतकी वर्षे बनल्यामुळे तालुक्याच्या कोणत्याही गॅरेजमध्ये तिला हात लावणारा माणूस सापडतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. खाजगी नोंदणीच्या गाडीत दुसऱ्याचा माल किंवा दुसरी माणसे भाड्याने नेता येत नाहीत, आणि तसे नेताना अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला आयते कारण मिळते. ‘शेजाऱ्यांचा माल नेऊन हप्ता काढू’ हा हिशेब ज्यांच्या मनात आहे त्यांनी ही गाडी घेऊ नये.

10 ऑक्टोबर 2024

तालुक्याच्या मिस्त्रीला सोबत घेऊन तीन गाड्या पाहिल्या. गाडीकडे जाताना मी इंजिनाबद्दल विचारायला लागलो, तेव्हा त्यांनी मला थांबवले. “भाऊ, इंजनचं मले नका सांगू. इंजन मी बांधून देतो. आधी पत्रा दाखवा, अन् मग कागद दाखवा.” पुढे जे जे घडले त्यात हेच वाक्य खरे ठरत गेले, म्हणून ते इथे लिहून ठेवतो.

पहिली गाडी चकचकीत होती. नवा रंग, नवे सीटकव्हर, मागच्या काचेवर देवाचे नाव. मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबक काढला आणि चाकावरच्या कमानीपासून दाराखालच्या पायरीपर्यंत फिरवत नेला. दोन ठिकाणी तो चिकटलाच नाही, कारण तिथे पत्राच नव्हता. लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारला होता. दुसरी गाडी आठ आसनांची होती. तिचे दार उघडताच पेट्रोलचा वास आला आणि तिचा मालक दर वाक्यामागे वेगळी किंमत सांगत होता. तिथे फार वेळ घालवला नाही.

तिसरी दिसायला सर्वांत वाईट होती. 2009 ची, कंपनीचाच पांढरा रंग, उन्हाने पिवळा पडलेला. खालचा गंज झाकण्याचा कोणी प्रयत्नही केलेला नव्हता. मॅट उचलून पेचकसाचे टोक सरकत्या दाराखालच्या पायरीवर टेकवले तर ते सहज आत गेले आणि तांबूस पापुद्रे पापडासारखे तुटून खाली पडले. चालकाच्या पायाखालीही रुपयाच्या नाण्याएवढे भोक होते, त्यातून खालची जमीन दिसत होती. पण मधले लांब आडवे-उभे बीम, ज्यांवर सगळा भार असतो, ते ठोकून पाहिले तर आवाज भरीव आला. इंजिन थंड असताना चालू केले, धूर निघाला नाही. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय नव्हती, म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरत नव्हते.

ज्या गाडीचा गंज डोळ्यांना दिसतो तिच्या दुरुस्तीचा अंदाज बांधता येतो, हे तिसरी निवडण्याचे कारण.

12 ऑक्टोबर 2024

दसऱ्याचा मुहूर्त विक्रेत्याला चुकवायचा नव्हता, त्यामुळे घासाघीस लवकर संपली. ₹62,000 ठरले. किंमत इतकी कमी असण्याची दोन कारणे होती आणि दोन्ही एमपरिवहन या वाहनांची माहिती देणाऱ्या सरकारी ॲपवर आधीच दिसली होती. पहिले, खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि या गाडीची मुदत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपत होती. दुसरे, आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) एका फायनान्स कंपनीचा बोजा अजून होता. कर्ज फार पूर्वी फिटले आहे, असे विक्रेत्याने सांगितले आणि ते खरेही होते, परंतु बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 आणि कंपनीचे ना-हरकत पत्र त्यांनी कधी घेतलेच नव्हते. बोजा असताना गाडी नावावर होत नाही. म्हणून ₹47,000 दिले आणि ₹15,000 ना-हरकत पत्र हातात पडल्यावर देण्याचे लिहून घेतले. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेतल्या.

पैसे राखून ठेवल्यामुळे विक्रेत्याला पुढच्या कामात रस राहिला. पूर्ण रक्कम दिली असती तर फायनान्स कंपनीच्या चकरा मला एकट्यालाच माराव्या लागल्या असत्या.

27 ऑक्टोबर 2024

वांग्यांची कॅरेट भरून पहिली फेरी केली. जाताना सुईने तक्रार केली नाही. परत येताना बाजारातल्या गर्दीत, गाडी मुंगीच्या गतीने सरकत असताना, तापमानाची सुई वर चढली आणि मोकळ्या रस्त्यावर आल्यावरही खाली उतरेना. सेवाग्राम चौकाच्या पुढे गाडी बाजूला लावून इंजिन बंद केले. तापलेले इंजिन बंद केल्याबरोबर रेडिएटरचे झाकण कोणीही उघडू नये. दाबाखालचे पाणी थेट तोंडावर येते. अर्धा तास थांबून मग पाणी घातले, तरी सुई पुन्हा वर. शेवटी ओळखीच्या ट्रॅक्टरला बांधून टोचन करून आणली. ₹800.

मिस्त्रींचा पहिला अंदाज थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, अडकल्याचा होता. तो बदलला, ₹450. दुसऱ्या दिवशी गावातल्या गावात ठीक, बाजारात पुन्हा तेच.

9 नोव्हेंबर 2024

दिवाळीत गॅरेज बंद होते, त्यामुळे जवळपास दोन आठवडे गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली.

रेडिएटर काढून कारागिराकडे नेला. त्याने वरची टाकी उकलून दाखवली. आतल्या बारीक नळ्यांपैकी निम्म्याहून अधिक नळ्यांची तोंडे पांढऱ्या, दगडासारख्या थराने बंद होती. कारण आमच्या सगळ्यांच्या अंगणात आहे. बोअरचे पाणी इतके जड की चहाच्या भांड्यालाही थर बसतो, आणि आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे कुलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाऐवजी) तेच पाणी भरले होते. थंड हवेत आणि वेगात अर्ध्या नळ्यांवर काम भागत होते; गर्दीत हवा कमी झाली की उष्णता बाहेर पडायला जागाच राहत नव्हती. थर्मोस्टॅट बदलून फरक न पडण्याचे कारणही हेच.

नवा गाभा बसवायला ₹3,200 लागले. रबरी पाइप फुगले होते, तेही बदलले, ₹750. कुलंट ₹900, मजुरी ₹600. पाणी भरताना हवेचा गोळा अडकतो, म्हणून गाडीचे तोंड उतारावर वर करून, झाकण उघडे ठेवून, इंजिन चालू असताना बुडबुडे थांबेपर्यंत थोडे थोडे कुलंट घालावे लागते. आमच्या मिस्त्रींनी ते पहिल्यांदा सपाट जमिनीवर भरले आणि संध्याकाळी सुई परत हलली. दुसऱ्यांदा धुऱ्याच्या (बांधाच्या) चढावर भरले तेव्हा प्रश्न मिटला. कुलंट पातळ करायला डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. पाच-दहा लिटरचा कॅन बॅटरीच्या दुकानात मिळतो आणि तो रेडिएटरच्या नव्या गाभ्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

याच वेळी टायमिंग बेल्ट बदलून घेतला, ₹1,400. जुना कधी बदलला होता हे कोणालाच माहीत नव्हते, आणि हा पट्टा तुटला की गाडी जागेवरच उभी राहते.

24 नोव्हेंबर 2024

पत्र्याचे काम. यात सर्वांत जास्त वेळ गेला.

सगळ्या सीट, मॅट आणि खालचे जुने ताडपत्रीचे तुकडे काढले. त्यांच्याखाली ओलसर माती होती, भाजीच्या कॅरेटमधून गळलेले पाणी वर्षानुवर्षे तिथेच मुरलेले. चालकाच्या पायाखालचा तुकडा, डाव्या सरकत्या दाराखालची पूर्ण पायरी आणि मागच्या उजव्या चाकाच्या कमानीचा आतला भाग एवढे कापायचे ठरले. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी गाडीतून काढून लांब ठेवली. या बाबतीत कोणी ‘ओल्या पोत्याने झाकतो, काही होत नाही’ म्हणाला तर त्याच्याकडून काम करून घेऊ नये.

गावात गेट आणि बैलबंडीचे काम करणारे वेल्डर आहेत. त्यांचा हात चांगला आहे, पण त्यांची मशीन जाड लोखंडाची. पहिल्याच टाक्याला गाडीच्या पत्र्याला बोट जाईल एवढे नवे भोक पडले आणि कडेचा पत्रा उष्णतेने लहरीसारखा वाकला. त्यांनीच काम थांबवले आणि आर्वीच्या डेंटरकडे न्यायला सांगितले, कारण तिथे सीओटू वेल्डिंग आहे. पातळ पत्र्याला तेच लागते. गाडीला टाकी नाही, तिच्या तळाला मोठे छिद्र, अशा अवस्थेत ती छोट्या हत्तीवर चढवून न्यावी लागली. हे भाडे मी दुरुस्तीच्या खर्चात धरलेले नाही, कारण ते गाडीवाल्याने माझ्या मामेभावाकडून परस्पर कपाशीच्या हिशेबात वळते करून घेतले.

डेंटरने काम कसे केले हे जवळून पाहिले. गंजलेला भाग स्वच्छ धातू लागेपर्यंत कापला. गंजावरच नवा पत्रा ठोकला तर खालून तो वर्षभरात पुन्हा फुटतो. पुठ्ठ्याचा नमुना कापून तो जागेवर बसवून पाहिला आणि मग त्या मापाने पत्रा कापला. सलग शिलाई न मारता एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, तिसरा पुन्हा पहिल्याजवळ, असे करत गेला; त्यामुळे पत्रा तापून वाकला नाही. सांध्यावर सीलर, त्यावर झिंकचा प्रायमर, मग रंग आणि शेवटी खालून काळे रबरी कोटिंग. पायरीच्या पोकळीत पाणी बाहेर पडायला मुळात छोटी छिद्रे असतात. कोटिंग मारताना मुलगा ती बुजवून टाकत होता. डेंटरने खिळा घेऊन एकेक छिद्र मोकळे करायला लावले.

मिस्त्रींचा आग्रह होता की तळाला सर्वत्र जळके ऑइल फासावे. ते स्वस्त आहे आणि बरेच जण करतात, परंतु रबरी बुश आणि पाइप त्याने फुगतात, आणि कोटिंगवरही ते धरत नाही. मी ते टाळले.

पत्रा ₹1,800, मजुरी ₹9,500, प्रायमर-रंग-कोटिंग ₹3,700. गाडीच्या किमतीच्या जवळपास चौथा भाग एकट्या तळाने खाल्ला.

8 डिसेंबर 2024

डावे सरकते दार मध्येच अडकायचे आणि जोर लावला की रुळावरून उतरून हातात यायचे. रूळ उघडला. आत वाळलेली काळी माती, सोयाबीनचे कुटार (भुसा) आणि ग्रीस यांचे एकजीव झालेले काजळी लोणी होते, आणि त्यात रुतलेला रोलर एका बाजूने सपाट झिजला होता. तो गोल फिरतच नव्हता, नुसता घासत होता. दोन्ही दारांचे रोलर बदलले, ₹1,300. मिस्त्री भरपूर ग्रीस लावत होते. मी पुसून काढले. आपल्या धुळीत ग्रीस जास्त झाले की तेच पुन्हा मातीला धरून ठेवते. रूळ कोरड्या ब्रशने झाडून एक पातळ हात पुरतो.

मागच्या ब्रेकचे व्हील सिलिंडर गळत होते, ब्रेकशू ओले झाले होते. दोन्ही बदलले, ₹2,150. टायरवर नक्षी शिल्लक होती, पण बाजूच्या भिंतींना तडे होते. चारही नवे घेतले, 12 इंची रिंगचे, ₹11,600. बॅटरी ₹3,600. यांत टायरचा खर्च मनाला लागला, कारण विकत घेताना टायर ‘चांगले’ म्हणून मोजले होते.

19 डिसेंबर 2024

कागद. ना-हरकत पत्रासाठी विक्रेता आणि मी एसटीने नागपूरला गेलो, कारण त्या फायनान्स कंपनीची तालुक्याची शाखा केव्हाच बंद झालेली. जुना खाते क्रमांक सापडेपर्यंत दिवस गेला, पत्र नंतर टपालाने आले. ते येताच उरलेले ₹15,000 दिले. या सगळ्यात नोंदणीची मुदत उलटून गेली. नूतनीकरणाचा अर्ज, म्हणजे फॉर्म 25, मुदतीच्या आधी 60 दिवसांपासून करता येतो. तो आधी केला असता तर उशिराचा दंड वाचला असता, पण बोजा आणि उघडा तळ या दोन्ही गोष्टी आडव्या होत्या.

15 वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचे शुल्क चारचाकीसाठी 1 एप्रिल 2022 पासून ₹600 वरून ₹5,000 झाले आहे, आणि उशीर झाल्यास महिन्याला ₹500. यावर राज्याचा पर्यावरण कर, पेट्रोल गाडीला पाच वर्षांचे ₹3,000. हस्तांतरण, बोजा उतरवणे आणि किरकोळ धरून सगळे मिळून ₹9,650 झाले. नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी मिळते. जुन्या गाडीचा भाव ऐकताना हा आकडा मनात धरूनच पुढे बोलावे. ‘कागद क्लिअर आहेत’ याचा अर्थ विक्रेत्याच्या दृष्टीने बहुधा एवढाच असतो की चोरीची नाही.

तपासणीच्या आधी दोन कामे करावी लागली. चेसिस नंबर गंजाखाली दिसत नव्हता. तिथे ग्राइंडर लावायचा मोह होतो, पण अंक घासले गेले तर गाडी संशयाच्या भोवऱ्यात सापडते. रॉकेल, चिंधी आणि दातांचा जुना ब्रश यांनी तो मोकळा केला आणि पेन्सिलने कागदावर प्रिंट उमटला तेव्हा सुटका झाली. दुसरे, मागच्या बाजूला जुन्या गॅस किटच्या पट्ट्या आणि तांब्याची नळी राहिलेली होती. किट आरसीवर नोंदलेले नव्हते, म्हणजे ते बेकायदा होते. सगळे अवशेष कापून काढले, ₹500. घरगुती सिलिंडर ठेवून चालवलेल्या ओमनी आपल्याकडे सगळ्यांनी पाहिल्या आहेत. ती बचत कोणाला सुचवण्यासारखी नाही.

विमा ₹2,900, मालक-चालकाच्या अपघात संरक्षणासह.

2 फेब्रुवारी 2025

तुरीचा आणि भाजीचा हंगाम एकत्र असल्याने गाडी रोज चालली. भरलेल्या गाडीत लिटरमागे 13 किलोमीटरच्या आसपास पडते. पेट्रोल ₹104 आणि जाऊन-येऊन 46 किलोमीटर, म्हणजे फेरीला सुमारे ₹370. ऑटोचे ₹700 पाहता ही बचत आहे, पण तीत झीज धरलेली नाही. मोठा फायदा पहाटे आपल्या वेळेला निघता येते हा. वांगी पहिल्या बोलीत जातात आणि दुपारच्या आत मी वावरात असतो. सांबाराच्या जुड्या तर उशीर झाला की फेकून द्याव्या लागत, त्या आता जातात.

दार सरकते असल्यामुळे बाजाराच्या गल्लीत, दोन्ही बाजूंना दुकाने असताना, माल काढता येतो. तळ जमिनीपासून फार उंच नसल्याने साठ किलोचा कट्टा एकट्याने आत ढकलता येतो. ही सोय नव्या उंच गाड्यांत नाही.

गाडी रात्री गोठ्याला लागून उभी असते आणि शेजारी तुरीचे कुटार. उंदरांनी सीटखालच्या वायरी कुरतडल्या, मागचे दिवे आणि पेट्रोलचा काटा बंद. ₹1,100. वायरी आता प्लॅस्टिकच्या जाड नळीतून घेतल्या आहेत आणि गाडी कुटारापासून लांब उभी करतो.

नंबर प्लेटचेही काम आले. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या वाहनांना राज्यात उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली आहे. चारचाकीला ₹745 आणि वर जीएसटी, म्हणजे ₹880 धरा.

20 एप्रिल 2025

दुपारी पारा 44 च्या पुढे. इंजिन पुढच्या सीटच्या खालीच असते, त्यामुळे ओमनीत उन्हाळा दोन बाजूंनी येतो, काचेतून आणि बुडाखालून. सीट उचलून पाहिली तर इंजिनाच्या झाकणाभोवतीची रबरी पट्टी निम्मी गायब होती. त्या फटीतून गरम हवा आणि इंजिनाचा वास दोन्ही आत येत होते. नवी पट्टी आणि झाकणाला खालून उष्णतारोधक चादर लावली. खर्च किरकोळ, फरक मोठा. तरी आईला या दिवसांत दुपारी या गाडीतून नेत नाही. सकाळीच निघतो किंवा एसटी बरी.

नोंद घेण्यासारखी गोष्ट म्हणजे नव्या रेडिएटरने बाजाराच्या गर्दीत एकदाही सुई अर्ध्याच्या वर जाऊ दिली नाही.

13 जुलै 2025

पांदण रस्ता. पाऊस लागल्यावर आमच्या काळ्या मातीत काय होते हे सांगायला नको. ओमनीची चाके लहान आणि अरुंद, पोट खाली. ताकद मागच्या चाकांना, पण गाडी रिकामी असताना वजन सगळे पुढे, कारण इंजिनही पुढे आणि चालकही. म्हणून रिकामी गाडी वावराकडे जाताना फसते आणि भरून येताना मात्र बऱ्याचदा निघते, हे आधी चमत्कारिक वाटत होते. उपाय म्हणून जाताना मागच्या चाकांवर मातीचे दोन कट्टे ठेवतो. मुरूम संपतो तिथे गाडी थांबवून पुढचा माल बंडीने आणणे, हा त्याहून खात्रीचा उपाय. चाक फिरायला लागल्यावर रेस वाढवणारा माणूस गाडी स्वतःच पुरतो.

याच महिन्यात समृद्धी महामार्गावरून नागपूरला जाण्याचा विषय घरात निघाला. येळाकेळीचा इंटरचेंज जवळ आहे, वेळ वाचतो. मी नकार दिला आणि कारण इथे लिहितो. या गाडीत चालकाचे पाय पुढच्या चाकाच्याही पुढे असतात. समोर बोनेट नाही. धडक झाली तर ती आधी पत्र्याला आणि लगेच गुडघ्यांना लागते. एअरबॅग नाही, एबीएस नाही. 120 ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर 60 ने चालणारी, वाऱ्याने हलणारी हलकी व्हॅन मागच्या ट्रकवाल्यालाही अडचण आणि आतल्यांनाही धोका. आम्ही जुन्या बुटीबोरीच्या रस्त्याने गेलो, तेही दिवसा. या गाडीच्या सगळ्या उणिवांत पैशाने न सुटणारी उणीव ही एकच आहे. ज्यांचे रोजचे येणे-जाणे महामार्गावरून आहे त्यांच्यासाठी इतर कोणताही फायदा तिच्यापुढे टिकत नाही.

28 सप्टेंबर 2025

हिशेब मिटवला. खरेदी ₹62,000, दुरुस्ती, टायर, बॅटरी, कागद, विमा आणि नागपूरची चक्कर मिळून ₹57,000 च्या थोडे वर. म्हणजे दारात ₹1,19,000 ची गाडी उभी आहे. पहिल्या वर्षात भाड्याच्या बचतीतून दुरुस्तीचाही खर्च पूर्ण निघालेला नाही. हर्रासाचा वाढीव भाव धरला तर निघतो, पण तो भाव बाजारावर अवलंबून असतो, त्यामुळे गाडीच्या खात्यात मी तो जमा केलेला नाही.

उलट बाजूने पाहता, ही गाडी आणखी किती स्वस्त होणार? तिचे वजनच पावणेआठशे किलोच्या आसपास आहे, भंगारातही तिला काही किंमत आहे, आणि चालू स्थितीतल्या ओमनीला गिऱ्हाईक मिळते. नवी गाडी शोरूमबाहेर आल्याबरोबर जेवढी घसरते तेवढी तर माझ्या गाडीची सगळी किंमतही नाही. 22 सप्टेंबरपासून छोट्या नव्या मोटारींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे तीन-चार वर्षांच्या जुन्या गाड्यांचे भाव थोडे नरमतील असे व्यापारी सांगतात. ज्यांची खरेदी अजून व्हायची आहे त्यांनी दिवाळीपर्यंत थांबून पाहायला हरकत नाही. 20 वर्षांच्या पुढच्या चारचाकीचे नूतनीकरण शुल्क मात्र या ऑगस्टपासून ₹10,000 झाले आहे. माझ्या गाडीची 20 वर्षे 2029 च्या अखेरीस भरतात. तेव्हा शुल्क, कर आणि पुन्हा एकदा तळाचे काम असे तिन्ही एकत्र येणार असतील तर मी नूतनीकरण करणार नाही. म्हणून त्याआधी, 2028 च्या दसऱ्यापर्यंत, नोंदणीची मुदत शिल्लक असतानाच विकण्याचा विचार आहे. मुदत संपत आलेल्या गाडीला काय भाव मिळतो हे मी घेताना पाहिलेच आहे.

सध्या बाकी कामे: उजव्या मागच्या पाट्यांचा (स्प्रिंगचा) बुश आवाज करायला लागला आहे, हँडब्रेकची केबल सैल आहे, आणि पेट्रोलचे रबरी पाइप बदलायचे आहेत. पंपावर आता इथेनॉलमिश्रित पेट्रोलच मिळते आणि 2009 च्या रबराला ते मानवत नाही. एका पाइपच्या टोकाला बारीक भेगा दिसू लागल्या आहेत. इंजिन सीटखाली असलेल्या गाडीत पेट्रोलची गळती पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाही, त्यामुळे ते काम कपाशीच्या पहिल्या वेचणीच्या आधी उद्याच करून घेणार आहे.